लिंबाचं प्रस्थान

कागद फाडता येतो, या एका सोयीवर माझा सगळा खरेपणा उभा होता. हे मला नोकरीची बरीच वर्षं उलटल्यावर एका सकाळी पातूरला कळलं. त्या सकाळी मी कागद फाडला, आणि काहीच फाटलं नाही.

मी कृषी खात्यात होते. अकोल्याच्या ऑफिसात परदेशी जाणाऱ्या मालाच्या तपासणीचं काम माझ्याकडे होतं. लिंबू, मिरची, भाजी बाहेरच्या देशात पाठवायची तर सोबत एक सरकारी दाखला लागतो. आम्ही या मालात रोग शोधला, कीड शोधली, आणि सापडली नाही, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. सगळे त्याला सर्टिफिकेटच म्हणायचे. त्यावर सही एकाच माणसाची असते, आणि समुद्रापलीकडचा कुणी अनोळखी अधिकारी त्या सहीवर भरवसा ठेवून माल उतरवून घेतो. आमच्या भागात ती सही माझी होती. तिवश्याच्या शाळामास्तराची पोरगी, आणि हिनं सही केल्याशिवाय पातूरचं लिंबू बोटीत चढत नाही, याचा मला भारी तोरा होता. मी चहाशिवाय कोणाचं काही घेत नसे. एकदा एकानं घरी लिंबाचा कट्टा, भरलेली गोणी, आणून टाकला, तर मी रिक्षा करून तो परत नेला आणि त्याच्या अंगणात ओतून आले. माझं डोकं लवकर फिरतं, आणि फिरलं की मला बरं वाटतं. तेव्हा तर फारच बरं वाटायचं.

ती वर्षं कोणती, ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगावं लागत नाही. कापसानं माती केली होती ती. आमच्या ऑफिसातली निम्मी टेबलं सकाळीच रिकामी व्हायची. कोणी पंचनाम्याला, कोणी ज्या घरचा माणूस गेला त्या घरी चौकशीला. संध्याकाळी ती माणसं परत यायची आणि एकमेकांशी बोलायची नाहीत. एक सहकारी तर आल्या आल्या नळाखाली डोकं धरायचा, मगच खुर्चीत बसायचा. माझं एकटीचं टेबल असं होतं जिथं येणारा रडत यायचा नाही. तो म्हणायचा, मॅडम, गाडी भरायची हाय. त्या वाक्याची मला इतकी गोडी लागली होती की त्यापायी मी काय काय चालवून घेतलं, तेच सांगायला बसले आहे.

पातूरच्या शिवेवर एका चाचांचं पॅकहाऊस होतं. फळांचा धंदा त्यांच्या घरात तीन पिढ्यांचा. पत्र्याची मोठी शेड, लिंबं धुवायचं टाकं, वाळवायच्या जाळ्या, आणि फळं निवडायला बसणाऱ्या गावातल्या बाया. चाचा सत्तरीला टेकलेले, बोलणं हळू, शिस्त कडक. नमाजाच्या वेळेला मशीन बंद, तसं बायांच्या जेवणाच्या वेळेलाही बंद. मला ते फार पटायचं.

त्यांच्याकडे मी गेले त्या पहिल्याच हंगामात ते म्हणाले, "मॅडम, उद्या अमावस्या हाय. बोटीची तारीख ठरेल हाय, गाडी उद्याच निघीन. पण शेतकरी लोक अमावस्येले माल काढू देत नाईत. तुमी कागद आज काढून द्या. माल उद्या पाह्यजा, अच्छेसे पाह्यजा. कागद आज निघाला म्हंजे माल आज निघाला."

मला हसू आलं, पण काय म्हणतात ते लगेच कळलं. आमच्याकडे याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. जायचा दिवस चांगला नसला, की आदल्या चांगल्या दिवशी एखादं गाठोडं शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास कालच सुरू झाला असं धरायचं आणि वाईट दिवशी बिनघोर निघायचं. मी अकोल्याला कॉलेजात शिकायला निघाले तेव्हा आईनं माझी चादर, एक सुपारी आणि तांदळाची पुडी बांधून आदल्या दिवशी शेजारी नेऊन ठेवली होती. मी तिला म्हटलं, हा काय बह्याडपणा. पण सकाळी ते गाठोडं शेजारून मीच उचललं आणि एसटीत बसले.

तर चाचांच्या पॅकहाऊसातही प्रस्थान ठेवायला लागलो. अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी लिंबाचा एक क्रेट शेजारच्या पिठाच्या गिरणीत नेऊन ठेवायचा, आणि त्यावर माझ्या सहीचं सर्टिफिकेट. तपासणीची तारीख आजची. तपासणी मात्र उद्या. आणि ती मी करायचीच. सकाळी आठला भिंग घेऊन यायची, खाली बसायची, क्रेटमागून क्रेट उपसायची. दोनदा माल खराब निघाला. दोन्ही वेळा मी तरातरा गिरणीत गेले, क्रेटवरचं सर्टिफिकेट उचललं आणि सगळ्यांच्या देखत त्याचे चार तुकडे केले. रजिस्टरमध्ये त्या नंबरापुढे 'रद्द' लिहिलं, आणि विषय मिटला. चाचांनी दोन्ही वेळा तोंडातून शब्द काढला नाही, उलट मला चहा पाजला. परत येताना गाडीत मला वाटायचं, पाहा, आपण किती सरळ माणसं आहोत.

मग मावशी आल्या. पातूरजवळच्याच एका खेड्यातल्या. त्यांचा नवरा मूर्तिजापूरला रेल्वेत होता, तिथल्या छोट्या गाडीच्या रुळांवर काम करायचा. तो गेल्यावर मावशी गावी परतल्या आणि वाटणीच्या तीन एकरांत लिंबं लावली. सगळं गाव कापूस लावत असताना ही बाई लिंबं लावते म्हणून लोक हसले. झाडं धरायला लागल्यावर हसायचे थांबले. मी त्यांच्या बागेत गेले तेव्हा एकेक झाड फिरून पाहिलं. झाडांभोवतीची आळी स्वच्छ, वाळक्या फांद्या छाटून जाळलेल्या, छाटायच्या कात्रीला औषधाचा वास. मी त्याच आठवड्यात बागेची नोंद केली.

नोंद झालेल्या बागांची एक यादी असते. त्या यादीतल्या बागेचाच माल बाहेर जातो. छापील यादीत मावशींचं नाव आलं, ते पान मी त्यांना दिलं. पुढच्या वेळी गेले तर त्यांनी ते प्लास्टिकमध्ये मढवून दाराशेजारी भिंतीला लावलेलं. मी म्हटलं, मावशी, हे काय देवाचा फोटो आहे का? तर म्हणाल्या, "बाई, आमच्या गावात साहेब लोकांच्या यादीत नाव आलं म्हंजे तो माणूस मेला असं समजतेत. माह्यं जित्तेपणी आलं." त्या हसत होत्या. मला हसता आलं नाही. मेलेल्यांच्या यादीची कागदं आमच्याच ऑफिसातून जायची.

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पॅकहाऊसात तपासणी करताना माल खराब निघाला, तर बागेचं काही जात नाही. तेवढा माल अकोल्याच्या बाजारात विकायचा, झालं. पण सर्टिफिकेट निघाल्यानंतर त्या मालात रोग सापडला, तर बागेचं नाव यादीतून काढतात, दोन हंगाम. कागद होता तोवर हा फरक मला कधी जाणवलाच नाही. मी कागद फाडायची, म्हणजे तो निघालाच नव्हता.

मग कॉम्प्युटर आला. अमरावतीला आमचं प्रशिक्षण झालं. शिकवणारा माणूस हुशार होता. म्हणाला, आता तुम्ही बटण दाबलं की त्याच मिनिटाला तिकडच्या अधिकाऱ्यासमोर सर्टिफिकेट उघडणार. बनावट सर्टिफिकेट बंद, हरवलेलं सर्टिफिकेट बंद, बोट बंदरात आणि कागद कुरिअरमध्ये हा तमाशा बंद. मी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून वाजवल्या. कारण एकदा माझं सर्टिफिकेट वाटेत ओलं होऊन शिक्का पसरला होता, आणि चांगली खणखणीत लिंबं तिकडच्या बंदरात पडून सडली होती. तेव्हा मी जेवले नव्हते. कोणीतरी मागून विचारलं, चुकलं तर काय? तो म्हणाला, रद्द करता येतं, पुसता येत नाही. तेवढ्यात भजी आली. मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं होतं, खाली रेघही मारली होती. ती वही माझ्याकडे अजून आहे. कुणाला खोटं वाटलं तर दाखवीन.

पातूरहून नव्या पद्धतीनं जाणारी पहिली गाडी ठरली ती अख्खी मावशींच्या बागेची. एवढा माल त्यांचा एकटीचा कधी निघाला नव्हता. आणि बोटीची तारीख अशी आली की गाडी अमावस्येलाच भरावी लागणार. आदल्या दिवशी दुपारनंतर मी पॅकहाऊसला पोचले. चाचा म्हणाले, "मॅडम, उद्या अमावस्या." पुढे काही बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती, इतकी वर्षं आम्ही तेच करत आलो होतो.

मी निवडणीच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. कॉम्प्युटरवर सही करायला दिलेली छोटी किल्ली त्याला लावली. रकाने भरले. तपासणीची तारीख विचारली, हातानं सवयीनं आजची टाकली. मनात जराही खुटखुट झाली नाही. मी ती तारीख टाकताना बाजूच्या बाईशी तिच्या पोरीच्या लग्नाचं बोलत होते. बटण दाबलं. हिरव्या अक्षरांत आलं, पाठवले. मी म्हटलं, घ्या चाचा, निघालं तुमचं लिंबू. बायांनी टाळ्या वाजवल्या.

आता क्रेटवर ठेवायला काही हवं ना. चाचांनी त्याची एक छापील प्रत काढून आणली. आणि मी, प्रशिक्षण घेतलेली बाई, त्या प्रतीवर पेनानं सही केली, खाली शिक्कासुद्धा मारला. मावशींनी क्रेट उचलला, वर ती प्रत ठेवली, आणि स्वतः गिरणीत नेऊन ठेवून आल्या. सर्टिफिकेट गिरणीत आहे, असं समजून मी घरी गेले आणि शांत झोपले. तिकडे ते केव्हाच पोचलं होतं.

सकाळी आठला मी आले. मावशी माझ्या आधी येऊन बसलेल्या, नवं लुगडं. मी खाली बसले आणि क्रेट उपसायला लागले. पहिले सहा चोख. सातव्यात एक फळ हाताला खडबडीत लागलं. भिंगाखाली धरलं. टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी फोड, भोवती पिवळी कडा. खैऱ्या. लिंबाच्या झाडाच्या या रोगाला परदेशातले लोक सगळ्यात जास्त भितात. मी दुसरं फळ घेतलं, त्यावरही होता. आठव्या क्रेटमध्ये होता, अकराव्यात होता. महिन्याभरापूर्वी गारपीट झाली होती. मावशींच्या बागेच्या एका कोपऱ्यात गारांनी साली फुटल्या, त्या जखमांतून रोग शिरला असणार. बाईची काही चूक नव्हती. गारा कात्री धुऊन पडत नाहीत.

मी उठले. गिरणी चालू होती, आवाजात काही ऐकू येत नव्हतं. क्रेटवरची ती प्रत उचलली आणि नेहमीसारखी फाडली, उभी आणि मग आडवी. चार तुकडे हातात आले, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी सर्टिफिकेट फाडलं नव्हतं. सर्टिफिकेट इथं नव्हतंच. गिरणीवाला काहीतरी विचारत होता, मला त्याचं तोंड नुसतं हलताना दिसत होतं. मी ते तुकडे पुन्हा जुळवून पाहिले. खरंच जुळवून पाहिले. इतकी मी बधिर झाले होते.

परत येऊन लॅपटॉप उघडला. सर्टिफिकेटसमोर लिहिलेलं होतं, स्वीकारले. तिकडच्या माणसानं रात्रीच ते उघडून, माझ्या सहीवर विसंबून, मालाची वाट मोकळी करून ठेवली होती. मी वरिष्ठांना फोन लावला. ते म्हणाले, रद्द करा. कॉम्प्युटर कारण विचारेल. त्यात 'सर्टिफिकेटनंतर मालात रोग आढळला' असं एक कारण आहे, ते निवडा. मी म्हटलं, मग बागेचं नाव जाईल. ते म्हणाले, "जाईल. आणि दुसरं काही निवडलं तर तुमची सही जाईल. तपासणीआधी सर्टिफिकेट दिलं म्हणजे काय होतं, माहीत आहे ना? आणि मॅडम, रोग तर आढळलाच आहे. खोटं काय त्यात?"

मी लिंबाचा कट्टा अंगणात ओतून येणारी बाई. मला वाटलं होतं, असं कोणी सांगितलं की मी भडकेन. मला राग आलाच नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. मी कारणांची यादी उघडली, त्यांनी सांगितलेलं कारण निवडलं आणि बटण दाबलं. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. मग मी उठून पाणी प्यायले.

चाचा आणि मावशींना मी फक्त एवढंच सांगितलं की माल नापास. मावशी म्हणाल्या, "बरं." त्यांना वाटलं, अकोल्याच्या बाजारात जाईल. त्या निवडणाऱ्या बायांबरोबर कट्टे भरायला लागल्या. मी तपासणीचं भिंग पुसत बसले. कितीतरी वेळ पुसत बसले. शेवटी मलाच राहवेना. मी दोघांना बोलावलं आणि सांगितलं, मावशी, तुमचं नाव यादीतून जाणार, दोन हंगाम.

चाचा म्हणाले, "काहून? माल तं इथंच हाय. इथं नापास झाला तं नाव जात नाई, तुमीच सांगतलं व्हतं."

"सर्टिफिकेट काल गेलं चाचा. परत येत नाही ते."

"पण फाडलं ना तुमी? गिरणीत?"

तिथं माझं डोकं फिरलं. खरं म्हणजे फिरायला कारण मी होते, पण सापडले चाचा. मी म्हटलं, हे सगळं तुमच्या अमावस्येपायी झालं. दर वेळी अमावस्या, दर वेळी अमावस्या. एक दिवस उशिरा कागद निघाला असता तर आभाळ कोसळलं असतं का?

चाचा माझ्याकडे बघतच राहिले. "माही अमावस्या? मॅडम, आमच्यात कुठून आली अमावस्या? आमचा तो दिन भी बाकी दिनासारखाच. मी तं शेतकरी लोकांसाठी करून राह्यलो व्हतो." आणि त्यांनी मावशींकडे पाहिलं.

मावशी म्हणाल्या, "मले काय पाहता? माह्या सासऱ्यानं घरचे देव विहिरीत टाकले तवापासून आमच्या घरी ना अमावस्या ना पुनव. आमी बौद्ध लोक. मले वाटलं, चाचांच्या धंद्याचा रिवाज हाय. म्हाताऱ्या माणसाचं मन काहून मोडा?"

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मीही मानत नव्हते. मी आईला बह्याडपणा म्हणणारी. मी दोघांचं मन राखत होते, आणि माझ्या टेबलावर सगळं कसं राजीखुशीनं चालतं याचं मला कौतुक होतं. ज्या एका म्हाताऱ्या बागाईतदारानं पहिल्या वर्षी अमावस्येला माल काढू दिला नव्हता, तो केव्हाच बाग विकून लेकाकडे पुण्याला निघून गेला होता. त्याच्यामागे इतकी वर्षं आम्ही तिघं, तिघांतल्या एकाचाही विश्वास नसलेली गोष्ट, एकमेकांसाठी इमानानं करत होतो. निवडणीतली एक बाई फिदकन हसली. तिला दुसरीनं कोपरानं ढोसलं.

मी मान खाली घालून उभी होते. मावशींनी पदराला हात पुसले आणि मला म्हणाल्या, "जाऊ द्या बाई. मनाले लावून घेऊ नका. खैऱ्या तं व्हताच ना. तुमी काय खोटं लिवलं त्यात?"

फोनवरचं तेच वाक्य. तिथं ते माझ्या सोयीचं होतं. इथं ती बाई माझी समजूत काढायला ते वापरत होती, आणि तिला माहीतच नव्हतं की निवडायला कारणं दोन होती, आणि दुसरं माझ्या चुकीचं होतं. लाज वाटते म्हणतात ती काय असते, ते मला चाळिशी ओलांडल्यावर त्या शेडमध्ये कळलं.

मावशी कट्ट्यांकडे वळल्या, मग काही आठवल्यासारख्या थांबल्या. "बाई, मंग ते भिताडावरचं पान आत्ताच काढून टाकू का? का कोणी साहेब येईन काढाले?"

मी लॅपटॉपकडे गेले. रद्द केलेल्या सर्टिफिकेटखाली शेरा लिहायची जागा असते. तिथं मी लिहिलं, बागेचा दोष नाही. मी हे सर्टिफिकेट तपासणी करण्याआधी दिले आणि तपासणीची तारीख चुकीची घातली. याआधी कागदावरही मी असे केले आहे. ही तीन वाक्यं लिहायला मला फार वेळ लागला नाही. मी बटण दाबलं, ते चाचांनी पाहिलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी नुसते बसून राहिले. घड्याळात अकरा पंचावन्न झाले होते.

माझी सही गेली. आधी नोटीस आली, मग चौकशी, मग पत्र. जुन्या रजिस्टरातली अमावस्येआधीची सगळी सर्टिफिकेटं मी स्वतः खुणा करून काढून दिली. मला दुसरं टेबल मिळालं, सकाळीच रिकामं होणाऱ्यांतलं एक. त्यानंतर मीही संध्याकाळी परत येऊन कोणाशी बोलत नसे, आणि नळाखाली डोकं का धरतात ते मला समजलं. माझ्या शेऱ्यामुळे मावशींचं नाव यादीत राहिलं. त्यांनी रोगट कोपरा छाटून जाळला, पुढच्या हंगामात त्यांची गाडी निघाली. कोणत्या तिथीला निघाली, ते कोणी पाहिलं नाही. ते पान भिंतीवर तसंच होतं, मी एका चौकशीला त्याच गावात गेले होते तेव्हा बाहेरूनच पाहिलं.

माझ्या जागी एक नवी अधिकारी आली होती. चुणचुणीत मुलगी, अमरावतीची. काही वर्षांनी ती जुन्या नोंदी तपासत होती, तेव्हा तिनं मला हाक मारली. स्क्रीनवर ते सर्टिफिकेट उघडलेलं. पुसलं तर काहीच जात नाही. वर पहिलं कारण, नऊ दहा. खाली माझा शेरा, अकरा पंचावन्न. दोन्हींपुढे माझंच नाव.

ती म्हणाली, "मॅडम, ही पहिली नोंद तुमचीच?"

"हो."

"आणि दुसरीही?"

"तीही माझीच."

तिनं दोन्ही वेळा पुन्हा पाहिल्या. मनातल्या मनात वजाबाकी केली असावी. मग मला सोपं जावं म्हणून की काय, हळूच विचारलं, "मधे पावणेतीन तास गेलेत. पातूरला नेट गेलं होतं का मॅडम तेव्हा?"

"नाही," मी म्हटलं. "नेट चालू होतं."